अंडे सुटले, दूध सुटेना : नागपूरच्या घरातली व्हीगन चॉकलेट कुकी

चॉकलेट कुकीची निम्मी सामग्री मुळातच वनस्पतीजन्य असते. मैदा, साखर, कोको, सोडा, मीठ यांत प्राण्यापासून आलेले काहीच नाही. उरतात अंडे, लोणी आणि दुधाचे चॉकलेट. हे तीन काढून त्यांच्या जागी वनस्पतीजन्य पर्याय आणले की कुकी व्हीगन होते. यांतल्या अंड्याचा प्रश्न नागपूरसारख्या शहरात फार पूर्वीच मिटलेला आहे. शाकाहारी घरांसाठी बिनअंड्याचे केक आणि बिस्किटे गल्लीतल्या बेकरीपासून मोठ्या दुकानापर्यंत सगळीकडे होतात आणि घरोघरच्या वह्यांतही त्यांच्या कृती असतात. मात्र हा प्रश्न मिटला तो दुधाच्या जोरावर. अंडे गेले तिथे कंडेन्स्ड मिल्क आले, दही आले, दुधाची पावडर आली, लोण्याचे प्रमाण वाढले. त्यामुळे एगलेस कृती हाताशी आहे म्हणून व्हीगन कुकी अर्धी झालीच असे समजणारा फसतो. अंड्याला काय घालायचे, यावर परदेशी पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. नागपूरच्या स्वयंपाकघरापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे : दूध कसे सोडायचे?

शहराची गोडाची आवडही दुधाभोवतीच वाढलेली आहे. इथली संत्रा बर्फी संत्र्याइतकीच खव्याची असते. दिनशॉज ही आइस्क्रीमची कंपनी नागपुरात १९३२ साली सुरू झाली. चॉकलेट या शहरात आले तेही बहुतेकांच्या जिभेवर दुधाचे चॉकलेट म्हणूनच. कडू, काळ्या चॉकलेटची सवय अलीकडची आहे, आणि व्हीगन कुकी घरात न आवडण्याचे पहिले कारण अनेकदा दूध नसणे हे नसून कोकोचा कडवटपणा हे असते. साखर दोन चमचे वाढवली आणि मीठ चिमूटभर जास्त घातले की तक्रार बरीच कमी होते.

हिरवा ठिपका पुरत नाही

‘व्हीगन’ ही संज्ञा १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन करताना रूढ केली. भारतात तिला कायद्याची चौकट मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम काढले आणि हिरव्या चौकटीतल्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराला पान फुटल्यासारखे चिन्ह ठरवून दिले. या नियमांप्रमाणे मुख्य घटकच नव्हे, तर पूरक द्रव्ये, स्वाद, विकरे आणि प्रक्रियेत वापरलेली साधनद्रव्येही प्राणिजन्य असून चालत नाहीत.

खरेदी करणाऱ्याला हा फरक कळणे महत्त्वाचे, कारण भारतातला परिचित हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे आणि शाकाहाराच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेणाचे काही प्रकार आणि शेलॅक बसतात. शेलॅक म्हणजे लाखेपासून काढलेली चकाकी. ती गोळ्यांवर आणि काही चॉकलेटी दाण्यांवर चढवतात. लाख ही किड्याची निर्मिती आहे आणि तिचे उत्पादन नागपूरपासून फार दूर नसलेल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात होते. कुकीवर शोभेसाठी पेरायचे चमकदार दाणे म्हणूनच व्हीगन असतीलच असे नाही, पुड्यावर हिरवा ठिपका असला तरी.

पुडा उलटून घटक वाचणे हा एकच खात्रीचा मार्ग. दूध हा ॲलर्जीचा घटक असल्याने तो जाहीर करणे उत्पादकाला बंधनकारक आहे, आणि ही तरतूद व्हीगन घरांना आयतीच उपयोगी पडते. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे पावडर’, ‘केसीन’, ‘बटर ऑइल’, ‘लॅक्टोज’ ही सगळी दुधाचीच नावे. ‘दुधाचा अंश असू शकतो’ अशी वेगळी ओळ असेल तर तिचा अर्थ एवढाच की त्याच यंत्रावर दुधाचा मालही निघतो. तत्त्व म्हणून दूध सोडलेले लोक ती ओळ सहसा मनावर घेत नाहीत. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याने मात्र ती घ्यायलाच हवी. लेसिथिनचा क्रमांक ३२२. चॉकलेटात ते बहुतेक वेळा सोयाबीनचे असते. साखरेबद्दल एक शंका परदेशी लेखनातून इकडे आली आहे : तिकडे काही कारखाने साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करत. आपल्याकडच्या नेहमीच्या कारखान्यांत साखर चुना आणि गंधकाच्या वायूने शुद्ध करतात, त्यामुळे ती चिंता इथे उसनी घेण्याचे कारण नाही.

लोण्याच्या जागी काय

कुकीचा पोत ठरतो तो स्निग्धावर, म्हणून हा भाग नीट समजून घ्यावा लागतो. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्ध, उरलेले बहुतांश पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ असतात. स्निग्ध कुकीला खुसखुशीत करते, पाण्याची वाफ तिला थोडी फुगवते आणि दुधाचे घन पदार्थ भाजताना तपकिरी होऊन तो ओळखीचा खमंग वास देतात. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तेल ओतले की कुकी तेलकट होऊन पसरते, ती यामुळेच. १०० ग्रॅम लोण्याला ८० ग्रॅम स्निग्ध आणि एक ते दीड मोठा चमचा पाणी किंवा सोयादूध, हा हिशेब बहुतेक कृतींना लागू पडतो.

दुसरी अडचण घट्टपणाची. साखर आणि घट्ट स्निग्ध एकत्र फेटले की त्यात हवा अडकते. पातळ तेलात ती अडकत नाही. नागपूरच्या घरात रोजचे तेल सोयाबीनचे, शेंगदाण्याचे किंवा करडईचे, तिन्ही पातळ. ब्राउनीसारख्या ओलसर पदार्थाला ती उत्तम चालतात, कुकीला नाही. विदर्भात जवसाचे तेल पूर्वापार खाण्यात आहे, पण त्याला उग्र वास असतो आणि ते लवकर खवट होते. गोड भाजणीत त्याला जागा नाही.

उरते खोबरेल तेल. खाण्यासाठी ते वापरायला विदर्भातली माणसे अजून बिचकतात, कारण इथे त्याची ओळख केसांचे तेल अशी आहे. गंमत म्हणजे छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल खाण्याचे की केसांचे, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ते खाद्यतेलच धरले, केसांचे तेल म्हणून विकले जात नसेल तर. कुकीसाठी रिफाइंड, वास काढलेले खोबरेल घ्यावे. कोल्ड-प्रेस्ड किंवा घाण्याच्या तेलाला खोबऱ्याचा वास येतो. चॉकलेटाशी तो जुळतो, पण मग प्रत्येक कुकी खोबऱ्याचीच लागते.

खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना वितळते, आणि नागपूरच्या हवामानाची गाठ नेमकी याच आकड्याशी पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा ते बरणीत दगडासारखे गोठते आणि चमच्याने खरवडावे लागते. फेब्रुवारीनंतर ते पाण्यासारखे पातळ होते ते पावसाळा संपेपर्यंत. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत केवळ खोबरेलच काय, लोणी आणि चॉकलेटही ओट्यावर टिकत नाहीत. थंड देशांतल्या कृतीत ‘खोलीच्या तापमानाचे मऊ स्निग्ध’ असे लिहिलेले असते ते तिथल्या १८ ते २० अंशांच्या खोलीला धरून. नागपूरला त्याचे भाषांतर असे करावे लागते : तेल मोजून वाटीत घ्यावे, फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, बोटाने दाबले की खळगा पडेल इतके घट्ट झाले की लगेच साखरेबरोबर फेटावे. मळलेला गोळाही अर्धा तास गार करावा आणि थंड ट्रेवर थापावा. ही पायरी गाळली तर कुकी भाजायला लागण्याआधीच वितळून एकमेकींना चिकटतात. एप्रिल ते जून या महिन्यांत बिघडलेल्या बहुतेक व्हीगन कुकींचे कारण हेच असते, कृतीतले प्रमाण नव्हे.

वनस्पती तूप, म्हणजे घरोघरी ज्याला डालडा म्हणतात ते, हा स्वस्त आणि उन्हाळ्यात खोबरेलापेक्षा जास्त टिकणारा पर्याय. नानखटाईचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. सुरतेत डच आणि पारशी बेकरीतून घडलेला हा पदार्थ महाराष्ट्रात रुळला तो बिनअंड्याचा, आणि दिवाळीत सामान मळून ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याच्या काळात घराघरातली नानखटाई अनेकदा डालड्याचीच असे. मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलची. ती व्हीगन आहे हे कुणाच्या डोक्यातही नव्हते. एक चतुर्थांश मैद्याच्या जागी कोको घातला की तीच चॉकलेट नानखटाई होते, आणि नवख्या माणसाने व्हीगन भाजणीची सुरुवात इथून करावी.

वनस्पती तुपावरचा मोठा आक्षेप ट्रान्स फॅटचा होता. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली, त्यामुळे तो आक्षेप पूर्वीइतका जोरदार राहिलेला नाही. पामतेलासाठी तोडल्या जाणाऱ्या जंगलांचा आक्षेप मात्र उरतो, आणि प्राण्यांच्या विचाराने व्हीगन झालेल्यांना तो जास्त बोचतो. तयार मार्गारीन घेताना पुन्हा घटक वाचावेत; काहींत दुधाचा अंश असतो.

लोण्याचा तो खमंग वास यांपैकी कशातच नाही. तो पूर्ण परत आणता येत नाही, पण त्याच्या जवळ जाता येते : मैद्यातला थोडा भाग मंद आचेवर बदामी भाजून घ्यावा, किंवा सालीसकट भाजलेल्या शेंगदाण्याचे दोन-तीन चमचे कूट घालावे. साखरेतला अर्धा भाग गुळाची पावडर किंवा ब्राऊन शुगर असली तर खमंगपणा आणि ओलावा दोन्ही वाढतात.

अंड्याचा लहान प्रश्न

कुकीत अंडे तीन कामे करते : बांधते, ओलावा देते आणि थोडे फुगवते. पातळ, कुरकुरीत कुकीला यांतले फारसे लागत नाही, दोन-तीन चमचे सोयादुधावर भागते. मऊ, चिवट कुकी आणि ब्राउनी यांना बांधणारे काहीतरी लागते. तिथे विदर्भाच्या घरात आधीपासून असलेला पदार्थ कामी येतो, तो म्हणजे जवस. जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक. जवसाच्या दाण्यावरच्या आवरणात पाणी शोषून बुळबुळीत होणारा डिंक असतो. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की एका अंड्याचे काम करते. चटणीसाठी भाजतात तितके जवस भाजू नये. कोरडे, किंचित गरम करून दळावे, आणि पूड लागेल तेवढीच करून फ्रीजमध्ये ठेवावी. कोकोच्या गडद रंगात जवसाचे ठिपके दिसत नाहीत, हा चॉकलेटचा आणखी एक फायदा.

अलीकडे गाजलेला दुसरा पर्याय हरभऱ्याच्या पाण्याचा. छोले शिजवल्यावर उरणारे दाटसर पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसाळते, हे फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये लोकांपुढे आणले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव दिले. काबुली चणे मीठ आणि सोडा न घालता शिजवावेत, पाणी गाळून पुन्हा आटवावे आणि गार करून घ्यावे. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडे. मूस आणि हलक्या मेरिंगसाठी याला तोड नाही. साध्या कुकीत ते वापरणे मात्र हौसेचा भाग आहे, गरजेचा नाही. केळे कुस्करून घालण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. तिने पदार्थ बांधला जातो खरा, पण चॉकलेट कुकीऐवजी केळ्याची कुकी होते.

फुगवण्याचे काम सोडा आणि आंबट पदार्थ मिळून करतात. एगलेस कृतीत तो आंबट पदार्थ दही असते. त्याच्या जागी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो. १९३०च्या मंदीत अमेरिकेत अंडी-दूध-लोण्याशिवाय होणारे चॉकलेट केक याच जोडीवर उभे होते. नागपुरात संत्र्याचा रस घालण्याचा मोह होणे साहजिक आहे. चव सुरेख येते, पण नागपुरी संत्र्याची आंबटी लिंबाच्या मानाने फार कमी असते. केवळ तिच्या भरवशावर सोडा घातला तर तो पुरता विरत नाही आणि कुकीला साबणासारखी चव येते. संत्र्याच्या रसाबरोबर चमचाभर लिंबूरस घालावाच. खरा संत्र्याचा वास रसात नसून सालीत आहे; आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, तेव्हा साल धुऊन, फक्त वरचा केशरी भाग किसून साखरेत चोळून ठेवावा.

कोकोचा प्रकारही इथे बघावा लागतो. साधा कोको आंबट असतो आणि सोड्याशी भिडतो. १८२८ साली डच उद्योजक व्हान हाउटन यांनी कोको दाबून त्यातले लोणी काढण्याची पद्धत आणली. कोकोवर क्षाराची प्रक्रिया करण्याची रीतही त्याच घराण्याची. तिला आजही डच प्रक्रिया म्हणतात. असा कोको जास्त गडद आणि सौम्य असतो, पण आंबट नसतो. पुड्यावर ५०० किंवा ५०१ हे क्रमांक दिसले तर तो क्षारप्रक्रिया केलेला समजावा आणि सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरावी.

दूध आणि चॉकलेट

वनस्पतीजन्य दुधाच्या पुड्यांवर आपल्याकडे ‘दूध’ असे छापता येत नाही. नारळाचे दूध हा अपवाद. घरात त्याला दूध म्हणायला कुणाची बंदी नाही. भाजणीसाठी सगळ्यांत उपयोगी सोयाबीनचे, कारण त्यात प्रथिने भरपूर असतात आणि लिंबू पिळले की ते ताकासारखे फाटते. विदर्भ हा सोयाबीनचा प्रदेश असल्याने दाणे सहज मिळतात. आठ तास भिजवलेले दाणे साल काढून उकळत्या पाण्यात वाटावेत, गाळावे आणि दूध पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे. गरम पाण्यात वाटल्याने कच्चट वास कमी होतो, आणि उकळण्याने कच्च्या सोयाबीनमधली पचनाला अडथळा करणारी द्रव्ये निकामी होतात. ही उकळी वगळू नये.

भाजणीत दूध पातळ असले तरी चालते, पण सारण, गनाश आणि पुडिंगला साय लागते. तिथे नारळाच्या डबाबंद दुधावर आलेला घट्ट थर किंवा भिजवून वाटलेले काजू घ्यावेत. अख्ख्या काजूची गरज नाही. इतवारीच्या किराणा बाजारात मिळणारी काजूकणी वाटण्यासाठी तितकीच चांगली आणि बरीच स्वस्त. कंडेन्स्ड मिल्कची जागा घ्यायची तर ४०० मिलिलिटर दाट नारळाचे दूध आणि सव्वाशे ग्रॅम साखर मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवावे. शहरातल्या जुन्या एगलेस कृती व्हीगन करण्याची ही गुरुकिल्ली, फक्त तिला नारळाची चव असते हे धरून चालावे.

चॉकलेटच्या बाबतीत बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एकीत कोकोचे लोणी असते. दुसरी कंपाउंड, तिच्यात कोको पावडर आणि घट्ट केलेले वनस्पती स्निग्ध. गल्लीतल्या दुकानातल्या लाद्या आणि चोको चिप्स बहुतेक कंपाउंडच्याच. ‘डार्क’ लिहिलेल्या कंपाउंडमध्येही दुधाचे घन पदार्थ असू शकतात, तर काही महागड्या गडद चॉकलेटमध्ये दुधाचे स्निग्ध असते, म्हणून इथे नावावर किंवा किमतीवर जाऊन उपयोग नाही. चवीला कोको लोण्याचे चॉकलेट निर्विवाद सरस. टिकण्याला नागपूरच्या उन्हाळ्यात कंपाउंड सरस. कुकीत चिरून घालायला पहिले, वरून बुडवायला मे महिन्यात दुसरे, ही तडजोड शहाणपणाची.

चॉकलेट पातळ करायला त्यात खोबरेल तेल घालतात ती चूक इथे विशेष महागात पडते. कोको लोणी आणि खोबरेल ही दोन स्निग्धे एकमेकांच्या स्फटिकात बसत नाहीत. त्यांचे मिश्रण शुद्ध चॉकलेटापेक्षा कितीतरी मऊ होते आणि बुडवलेली कुकी हातात घेतली की बोटे रंगतात. कोकमाच्या बियांचे स्निग्ध मात्र कोको लोण्याशी जुळते आणि ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहते. कोकणात त्याला मुठेल म्हणतात आणि टाचांच्या भेगांना लावतात. चॉकलेट उद्योगात ते कोको लोण्याला पूरक म्हणून मान्य आहे. खाण्याच्या दर्जाचे कोकम बटर मिळाले तर १०० ग्रॅम वितळलेल्या चॉकलेटात एक लहान चमचा पुरतो. सौंदर्यप्रसाधनासाठी विकलेले वापरू नये. मोहाच्या बियांचे तेलही हिवाळ्यात घट्ट होते आणि पूर्व विदर्भात ते खाण्यात आहे, पण त्याची चव चॉकलेटवर मात करते.

ठरलेल्या कृती, बदललेल्या रूपात

चॉकलेट चिप कुकी ही १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफील्ड यांनी घडवली. तिची सगळी मजा लोण्यात आहे, म्हणून व्हीगन करायला हीच सर्वांत कठीण. घरगुती प्रमाण असे धरता येते : गार करून मऊसर घट्ट झालेले ८५ ग्रॅम खोबरेल, ११० ग्रॅम साखर (निम्मी ब्राऊन), तीन ते चार मोठे चमचे सोयादूध, व्हॅनिला, १६० ग्रॅम मैदा, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, पाव चमचा मीठ, आणि चिरलेले १०० ग्रॅम गडद चॉकलेट. मैदा घातल्यावर जास्त मळू नये. चिकटपणा येऊन कुकी पावासारखी होते. १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटे. अंड्याची प्रथिने नसल्याने ती ओव्हनमधून निघताना कच्ची वाटेल इतकी मऊ असते. कडा रंगल्या की काढावी आणि दहा मिनिटे ट्रेवरच राहू द्यावी. आणखी भाजण्याच्या नादात ती कडक होते.

दोन काळ्या बिस्किटांमध्ये पांढरे क्रीम ही घडण १९१२ सालच्या ओरिओमुळे जगभर गेली, जरी तशीच हायड्रॉक्स नावाची बिस्किटे तिच्या चार वर्षे आधीची. ओरिओच्या क्रीममध्ये १९९०च्या दशकापर्यंत डुकराची चरबी वापरली जाई. पुढे तिच्या जागी वनस्पती स्निग्ध आले. बाजारच्या क्रीम बिस्किटांचे क्रीम आज बहुतांश साखर आणि वनस्पती स्निग्धाचेच असते, त्यामुळे घरी करायला हा प्रकार सोपा आहे. ६० ग्रॅम वनस्पती तूप, १५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर क्रीम होते. बिस्किटासाठी नानखटाईचेच पीठ, एक चतुर्थांश क्षारप्रक्रियेचा कोको, आणि लाटून कापता यावे म्हणून चमचाभर सोयादूध. काळेभोर रंगासाठी साधा कोको पुरत नाही.

न भाजता होणारा बिस्किटाचा चॉकलेट रोल मराठी घरांत पिढ्यांचा परिचयाचा. मारी बिस्किटांचा चुरा, कोको, साखर आणि दूध मळून प्लास्टिकवर लाटायचे, वर लोणी-साखर-खोबऱ्याचे सारण पसरायचे, गुंडाळायचे, गार करून कापायचे. यातली खोच बिस्किटात आहे. बाजारातल्या बहुतेक मारी आणि ग्लुकोज बिस्किटांत दुधाचे घन पदार्थ असतात. दूध नसलेले बिस्किट सापडले, किंवा घरची चॉकलेट नानखटाई कुटून घेतली, तर बाकी बदल किरकोळ आहेत : मळायला नारळाचे दूध, सारणाला खोबरेल. खोबऱ्याचा वास इथे दोष न राहता पदार्थाचा भागच होतो. चवीत कुणालाही फरक न कळणारा व्हीगन प्रकार हवा असेल तर तो हा.

ब्राउनी तेलावर चांगली होते, म्हणून तिलाही फार झगडावे लागत नाही. १२५ ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कोको, २०० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर तेल, १८० मिलिलिटर कोमट सोयादूध, एका अंड्याइतके भिजवलेले जवस आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. आठ इंची भांड्यात १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटे. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये.

कुकीचे थर देऊन केलेल्या पुडिंगला गोव्यातल्या सेराडुरासारखी रूपे आहेत. सेराडुरात मारीचा चुरा आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली साय असते. व्हीगन करताना साय नारळाची आणि चुरा घरचा. चॉकलेटी थर हवा असेल तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी १९९०च्या दशकात मांडलेली युक्ती वापरावी : गडद चॉकलेट थोड्या पाण्यात वितळवून बर्फावर ठेवून फेटले की दुधाच्या थेंबाशिवाय मूस होते. २०० ग्रॅम चॉकलेटला साधारण पाऊण वाटी पाणी. नागपुरात बर्फ हात राखून घालू नये.

भाजणे, ठेवणे

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये मीठ तापवून भाजण्याची पद्धत केकला चालते. कुकीला ती त्रासाची आहे, कारण उष्णता फक्त खालून येते. ट्रेखाली दुसरी ताटली ठेवावी, कुकी पातळ थापाव्यात आणि पहिली खेप दोनच कुकींची करावी. लहान ओव्हनच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नये. आतले तापमान वीस-पंचवीस अंशांनी सहज चुकते.

व्हीगन म्हणजे पथ्याचे, हा समज सोडावा. खोबरेल तेलातले सुमारे ९० टक्के स्निग्ध संपृक्त असते, लोण्यापेक्षाही जास्त, आणि साखर तर तेवढीच. खर्चाचे गणितही सरळ नाही. डबाबंद नारळाचे दूध, चांगले गडद चॉकलेट आणि तयार बदामदूध घेतले तर ती साध्या कुकीपेक्षा महाग पडते. घरचे सोयादूध, जवस आणि वनस्पती तूप वापरले तर स्वस्त.

दुधाचा अंश नसल्याने या कुकी लवकर आंबत नाहीत, पण तेलामुळे खवट होऊ शकतात. हिवाळ्यात घट्ट डब्यात त्या दहा-बारा दिवस राहतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात. १५० अंशांवर पाच मिनिटे पुन्हा गरम करून गार केल्या की कुरकुरीतपणा परत येतो. मे महिन्यात चॉकलेट लावलेल्या कुकी फ्रीजबाहेर ठेवू नयेत. कच्च्या पिठाचे गोळे डीप फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात आणि हवे तेव्हा चार-पाच काढून भाजता येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात व्हीगन कुकी करण्याची हीच सर्वांत बिनधोक रीत आहे.